त म्हणजे तळ

पोर्चखालचे टेकू काढायला हरकत नाही, एवढ्या एका ओळीचं पत्र चार वाजेपर्यंत दवाखान्याच्या साइटवर पोचायचं होतं. अडीच वाजता धाकटी सून मीटिंगच्या खोलीत शिरली, काखेतली जुन्या ड्रॉइंगची गुंडाळी टेबलावर उलगडली, तिच्या चार कोपऱ्यांवर चार रिकामे कप ठेवले आणि म्हणाली, "पत्र जाणार नाही. पोर्चची सळई उलटी आहे."

खोलीत अख्खं घर होतं. म्हणजे अख्खं ऑफिस होतं. ह्या खानदानात दोन्ही एकच. दोघा भावांच्या भांडणातून मधोमध काचेची भिंत उभी राहिली आणि तिच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे प्रिंटर आले, त्यानंतर सगळे एका टेबलाला बसल्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ आप्पांच्या ऐंशीच्या केकची. आज आप्पा चौऱ्याऐंशीचे, खिडकीपाशी आपल्या जुन्या फिरत्या खुर्चीत. ऑफिस त्यांनीच काढलेलं. टेबलाच्या डोक्याशी थोरले भाऊजी, आता सगळा कारभार त्यांचा. त्यांच्या उजव्या हाताला चिरंजीव, दोन डिग्र्या आणि दाराएवढा स्क्रीन घेऊन नुकतेच धंद्यात उतरलेले. डाव्या हाताला थोरली जाऊ, पत्रं आणि फोन सांभाळणारी. आणि कडेला धाकटीचा नवरा, ज्याला साइटवरचे सगळे मागून 'बघूसाहेब' म्हणत, कारण कशालाही त्याचं उत्तर तेवढंच असे.

लोकांना वाटतं, इंजिनिअर म्हणजे डोक्यावर पिवळी टोपी घालून आभाळाकडे बोट दाखवणारा माणूस. तसला फोटो भाऊजींचा होताही, बाहेरच्या खोलीत. टोपीला दुकानाचं लेबल तसंच होतं. खरं काम निराळं. सकाळी यायचं आणि काल शेवटची ठरलेली फाइल कोणती ते हुडकायचं: फायनल, फायनल दोन, फायनल नक्की, फायनल आप्पांनी पाहिलेलं. मग आर्किटेक्टला कळवायचं की तुमची भिंत आमच्या बीमवर येत नाही. तो कळवणार की तुमचा बीम आमच्या भिंतीखाली येत नाही. मग मीटिंग घ्यायची आणि तीत पुढच्या मीटिंगची तारीख ठरवायची. नवं ड्रॉइंग कोणी माईचा लाल काढत नाही. जुनं उघडायचं, जुन्या मालकाचं नाव पुसायचं, नव्याचं घालायचं. एकदा पुसायचं राहिलं, तर एका शाळेचा जिना कागदोपत्री वर्षभर कोंबड्यांच्या शेडचा होता.

तरी इमारती उभ्या राहत. आप्पा हिशेबाच्या वर थोडी सळई जास्त घालत. भाऊजींचा आप्पांवर भरवसा नव्हता म्हणून ते आणखी थोडी घालत. धाकटीचा भाऊजींवर नव्हता म्हणून ती आणखी थोडी. ह्या घरातला एकमेकांवरचा अविश्वास चाळीस वर्षं काँक्रीटमध्ये ओतला जात होता आणि लोक त्याला मजबुती म्हणत होते.

"उलटी म्हणजे?" भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"उलटी म्हणजे उलटी, भाऊजी. वर पाहिजे ती खाली."

"असं कसं होईल? आप्पांच्या वाचनालयाच्या पोर्चवरून जशीच्या तशी उचललीय. तो पस्तीस वर्षं उभा आहे."

"तो आहे. हा राहणार नाही."

थोरली म्हणाली, "मला कळेल असं बोला गं कुणीतरी. पत्र टाइप करून ठेवलंय मी."

"ताई, हात असा सरळ पुढे करा." धाकटीनं तिच्या तळव्यावर नियमांचं जाड पुस्तक ठेवलं. "आता धरून ठेवा. पोर्च असाच असतो. भिंतीतून बाहेर आलेला हात, खाली खांब नाही. कुठे ओढतंय?"

"खांद्यावर. वरच्या बाजूला."

"तिथं जाड सळई लागते. आपण ती काखेत घातलीय."

थोरलीनं पुस्तक खाली ठेवलं आणि आपल्या मुलाकडे पाहिलं. चिरंजीव लॅपटॉप फिरवत होते.

"काकू, मी ओरिजिनलप्रमाणेच केलंय. हे बघा. बी सोळा, टी आठ. बॉटमला सोळा मिलिमीटरची जाड, टॉपला आठची बारीक."

"ओरिजिनलवर कुठंय बी?"

"हा काय." त्यांनी आप्पांच्या कागदावर बोट टेकवलं. "इथं 'ब' लिहिलंय. ब म्हणजे बॉटम."

"हा व आहे."

"ब आहे, काकू. पोटात रेघ आहे."

सगळ्यांची डोकी कागदावर वाकली. एका टाळूवर दुसरी टाळू आपटली. पस्तीस वर्षांपूर्वीची निळी शाई, आप्पांचं तिरपं अक्षर, आणि अक्षराच्या पोटातून गेलेली एक बारीक रेघ.

"ती घडी आहे," धाकटी म्हणाली. "कागदाची घडी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलीय बघ. व म्हणजे वर. वर सोळाची. आणि खाली काय लिहिलंय?"

"त."

"आणि तू टी केलंस."

"त म्हणजे टी ना. टॉप."

"टॉपचा ट असतो रे, बाबा! त म्हणजे तळ!"

"मला वाटलं, आप्पांच्या काळी तसं लिहीत असतील," चिरंजीव म्हणाले. ते खरंच तसं समजले होते, हे त्यांच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्यांवरून कळत होतं.

झालं होतं ते एवढंच. वरचं बॉटम झालं, तळाचं टॉप. दोन अक्षरं, दोन डिग्र्या. आणि आप्पांनी जन्मभर अख्खा शब्द लिहायचा कंटाळा केलेला.

"मग तपासताना दिसलं नाही का हे?" भाऊजी मागे टेकले. त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की धाकटी सावध होई. "नाही, म्हणजे मी नुसतं विचारतोय. 'तपासले' लिहिलंय तिथं सही कुणाची आहे?"

सही तिची होती. लांब शेपटीची, शेवटी दोन टिंबं. तिनं ती स्क्रीनवर तासाभरापूर्वीच पाहिली होती आणि मोठी करून करून पाहिली होती, तेव्हा कडेला स्कॅनरची राखाडी चौकट दिसली होती.

"ही माझी सही नाही. माझ्या सहीचा फोटो आहे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी नऊ दिवस नव्हते. त्यात चिकटवलाय."

"ड्रॉइंग अडलं होतं. दवाखान्याचे लोक रोज डोकं खात होते. मीच सांगितलं त्याला."

"मला विचारायचं नाही?"

"अगं, तू ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेली. तिथं काय त्रास द्यायचा?"

"म्हणजे माझी काळजी घेतलीत."

"घरातलंच माणूस म्हणून घेतली."

"भाऊजी, चारला टेकू निघतील. परवा उद्घाटन. पाहुणे, डॉक्टर, नर्सेस, सगळे त्याच पोर्चखाली उभे राहणार. तो खाली आला तर तुरुंगात सहीचा फोटो जाणार नाही, मी जाईन."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलाच्या लाकडातल्या रेषा न्याहाळत होता. "बघू," तो म्हणाला.

"काय बघू? पडताना बघू?"

चिरंजीवांनी मान वर केली. चेहऱ्यावर परीक्षेत उत्तर सुचल्याचं तेज. "काकू, खांब द्यायचे! बाहेरच्या टोकाला दोन खांब. मग तो हात राहतच नाही, दोन्हीकडून टेकलेला स्लॅब होतो. मग खालची सळई बरोबर कामाला येते."

हे खोटं नव्हतं. धाकटीनं मनातल्या मनात दोनदा तपासलं, आणि पोरगा अगदीच वाया गेलेला नाही, हे तिला नाइलाजानं कबूल करावं लागलं.

भाऊजी तर खुर्चीतून अर्धे उठले. "झालं! आर्किटेक्टला सांगू, तुमच्या दर्शनी बाजूला जरा भारदस्तपणा हवा. तो लगेच म्हणेल, माझ्याही मनात हेच होतं. कुठं काही लिहायला नको, बोलायला नको."

"रुग्णवाहिका वळणार नाही," एक आवाज आला.

सगळे वळले. बघूसाहेब बोलले होते.

"काय म्हणालास?"

"टोकाला खांब आला तर रुग्णवाहिका वळत नाही. मी टेप लावून मोजलंय. ड्रायव्हरला दोनदा पुढे-मागे करायला लागेल. आत माणूस असताना."

सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं काहीतरी आधीच बघितलेलं असल्याचा हा पहिला पुरावा होता. धाकटीला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. पण ते सुख दोन मिनिटांचं ठरलं.

"ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "खांब नकोत. तोडूया पोर्च, परत बांधूया. माझं काही म्हणणं नाही. पण का तोडला, हे तर कोणाला तरी सांगावं लागेल. आता मला एक सांगा, सळई कोण बांधतं? आपण बांधतो? आपण कागद काढतो. बांधतो सळईवाला. तर सळईवाल्यानं उलटी बांधली. ड्रॉइंग आज नीट करायचं, मागच्या महिन्याची तारीख घालायची, पाठवलंच होतं म्हणायचं. ते लोक बांधतातच उलटं. कोणाला आश्चर्य वाटायचं नाही."

खोलीत एकदम हवा आली. चिरंजीव म्हणाले, फाइलची तारीख बदलता येते, दोन मिनिटांचं काम. नवरा पुन्हा लाकडातल्या रेषांकडे वळला आणि म्हणाला, "तसं होतं खरं साइटवर."

"कुणाच्या पोटावर पाय येत नाही," भाऊजी म्हणाले. "तो आज इथं, उद्या दुसऱ्या साइटवर. त्याला कुठं लेटरहेड आहे नाव जायला? आणि तुझी सहीसुद्धा स्वच्छ होते. मी तुझ्याच भल्याचं बोलतोय."

आणि क्षणभर धाकटीला बरं वाटलं. हे तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून शेजाऱ्याच्या छातीवर ठेवावा तसं वाटलं. शेजारी कोण, ते दिसत नव्हतं, म्हणून आणखीच बरं वाटलं.

तेवढ्यात थोरली उठली.

थोरलीचा बाप गवंडी होता. ह्या घरात ते कुणी बोलत नसे. लग्नाच्या वेळी पाहुण्यांना 'बांधकाम व्यवसाय' असं सांगितलं गेलं होतं, आणि गेली सत्तावीस वर्षं तिनंही तेच सांगितलं होतं. तिचा बाप कधीकाळी एका साहेबाची चूक अंगावर घेऊन घरी बसला होता, ती गोष्ट तिनं धाकटीला एकदाच, भांडी विसळता विसळता सांगितली होती आणि वर म्हणाली होती, "विसर आता."

तिनं टेबलाच्या मधोमध फोन ओढला, नंबर फिरवला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"कुणाला लावतेयस?" भाऊजी.

घंटी वाजली.

"हां, बोला वहिनी!" साइटच्या मुकादमाचा आवाज, मागे हातोड्यांची ठकठक. "पत्र निघालं का? पोरं टेकूला हात लावूनच उभी आहेत."

"हात काढा म्हणावं त्यांना. आत्ता. एकही टेकू हलवायचा नाही, आणि पोर्चखाली कुणी थांबायचं नाही."

"का हो?"

"सांगते. पोर्चची सळई ज्यानं बांधली त्याला फोनवर बोलवा."

भाऊजी हातानं खुणा करत होते: बंद कर, बंद कर. सत्तावीस वर्षं त्यांच्या खुणेसरशी चहा येत आला होता. थोरलीनं फोन उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

पलीकडे हाका झाल्या, पावलं वाजली. मग एक बसका, सावकाश आवाज आला. "बोला."

धाकटी वाकली. "दवाखान्याच्या पोर्चची सळई तुम्ही बांधलीत?"

"हो."

"जाड सळई खाली कशी गेली?"



"बाई, हा तुमचाच आवाज ना?"

"म्हणजे?"

"मी फोन केला होता तुम्हाला. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी, दुपारचा. म्हटलं, मी बावीस वर्षं हेच करतोय, पोर्चला जाड सळई वरच्या अंगाला असते. इथं कागदात खाली दाखवलीय, तर एकदा बघून घ्या. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंगमध्ये आहे तसं करा, डोकं चालवू नका."

तिला आठवलं. आठवायला काही लागलंच नाही. समोर डबा उघडा, एका कानाला आर्किटेक्ट, दुसऱ्या हातात हा फोन, मेल अर्धवट लिहिलेला. 'ड्रॉइंगमध्ये आहे तसं करा.' दिवसातून चारदा ती हे वाक्य बोलायची. आप्पा बोलायचे, भाऊजी बोलायचे, चिरंजीव पहिल्याच आठवड्यात शिकले होते. सगळ्या शिक्षणाचा अर्क काढून बाटलीत भरला असता तर लेबलावर हेच वाक्य आलं असतं. पुढचे तीन शब्द मात्र तिचे स्वतःचे होते.

भाऊजींनी खुणा थांबवल्या. त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून मोकळ्या होत गेल्या, आणि त्यांनी धाकटीच्या दिशेनं पाण्याचा ग्लास सरकवला. स्वतःच्या हातानं.

"घे गं, पाणी घे," ते हळू आवाजात म्हणाले. "होतं असं. आपण सगळेच माणसं आहोत. घरातली गोष्ट आहे, घरात ठेवू. तुला एकटीला आम्ही पडू देऊ का?"

चिरंजीव तिच्याकडे मायेनं पाहत होते. नवऱ्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर आला होता. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ह्या घरची सून ती त्या मिनिटाला झाली. आता तीही त्यांच्यातलीच होती. चूक करणारी, आणि गप्प बसायला कारण असलेली.

तिनं पाण्याला हात लावला नाही.

"तुमचं बरोबर होतं," ती फोनमध्ये म्हणाली. "आमचं चुकलं. माझं चुकलं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं, बाई," तो आवाज म्हणाला. "लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. मी विचारलं होतं आणि तुम्ही काय म्हणालात ते. आता हे तोडायला लागणार. तोडायला मलाच लावतील. आणि तोडताना जो येईल तो मला बघून म्हणेल, ह्यानंच उलटी घातली होती. चार ठिकाणी कळलं की पाचव्या ठिकाणी मला कोण सळई बांधू देणार? मला दुसरं काय येतं? लिहून द्या, मग पुढचं बोलू."

"एका सळईवाल्याला लिहून द्यायचं?" भाऊजी आता कुजबुजायचंही विसरले. "ऑफिसच्या कागदावर? चाळीस वर्षांत ह्या ऑफिसनं चूक झाली असं कुणाला लिहून दिलेलं नाही! आप्पा, तुम्ही सांगा हिला."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. आप्पांनी कानातलं यंत्र काढून तळहातावर घेतलं होतं आणि ते आत्ताच बंद पडल्यासारखं बोटानं टिचकी मारून मारून बघत होते.

थोरलीनं टाइप केलेलं पत्र उभं फाडलं आणि एक कोरं लेटरहेड धाकटीपुढे ठेवलं.

धाकटी हातानं लिहायला लागली. ड्रॉइंगमध्ये सळई उलटी दाखवली गेली. चूक आमच्या ऑफिसची. मूळ कागदावरची अक्षरं चुकीची वाचली. मी गावाला असताना माझी सही लावली गेली, आणि परत आल्यावर ती कशाला लागली ते मी पाहिलं नाही. सळई बांधणाऱ्यांनी काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं. मी ड्रॉइंग न उघडता त्यांना सांगितलं...

"काकू," चिरंजीव तिच्या खांद्यावरून वाचत होते, "ते शेवटचं वाक्य कशाला? ते टेक्निकल नाही."

तिनं ते लिहिलं.

"माझ्या पोराचं नाव घालणार आहेस का त्यात?" भाऊजींनी विचारलं. ह्या वेळी आवाज मऊ नव्हता. नुसता म्हातारा होता.

"'आमच्या ऑफिसची' म्हटलंय. पण कुणी विचारलं तर सांगेन. तुमचंही सांगेन."

"मग ह्या ऑफिसात तुला..."

"बघू," नवरा म्हणाला. का म्हणाला आणि कुणाला म्हणाला, ते कळायला मार्ग नव्हता. पण त्याचा हात खुर्चीच्या पाठीवरून निघाला नव्हता.

"लिहिलं का?" फोनमधून आवाज आला.

"लिहिलं."

"वाचा."

तिनं वाचलं. पहिल्या ओळी सरळ वाचल्या. 'डोकं चालवू नका'पाशी ती थांबली, आणि पुन्हा त्या वाक्याच्या सुरुवातीपासून वाचलं.

पलीकडे हातोडे थांबले होते. बहुतेक बरेच जण ऐकत होते.

"हां," तो म्हणाला. "आणून द्या."

"अर्ध्या तासात येते, मीच येते." आणि मग, जे तिला रोज दुसऱ्यांना सांगायची सवय होती ते ओठांवर आलेलं तिनं गिळलं. "तोडायला सुरुवात कुठून करायची? म्हणजे, तुम्ही कुठून कराल?"

"टेकू सगळे जागेवर ठेवून. बाहेरच्या टोकाकडून आत यायचं, हातभर हातभर. भिंतीकडून हात घातलात तर सगळंच अंगावर येईल. आणि पहिल्यांदा..."

"थांबा," धाकटीनं कागद उलटा केला. "सावकाश सांगा. लिहून घेते."